बांधाच्या आत आणि बाहेर : कृषी व पर्यावरण विज्ञानाच्या नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

एम.एस्सी. (कृषी)ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हातात पुस्तकाआधी टेप, सुतळी आणि फक्कीची पिशवी येते. प्रक्षेत्रावर काटकोन साधत प्लॉट आखायचे, दोन प्लॉटमध्ये वाट सोडायची, दोन रेप्लिकेशनमध्ये त्याहून रुंद वाट सोडायची, आणि कोणत्या प्लॉटला कोणती ट्रीटमेंट द्यायची हे स्वतःच्या मनाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. जूनच्या उकाड्यात हे काम करताना शास्त्र वगैरे काही आठवत नाही. पाऊस येऊन रेघा धुऊन जाऊ नयेत एवढीच काळजी असते. तरी प्रबंधातला सर्वांत मोठा निर्णय त्याच सकाळी होऊन गेलेला असतो. रेघेच्या आत जे घडेल ते मोजले जाईल, बाहेर जे घडेल ते मोजले जाणार नाही.

कृषी आणि पर्यावरण विज्ञानात नव्याने येणाऱ्यांशी मला या रेघेविषयीच बोलायचे आहे. शेतीशास्त्राने जवळपास शंभर वर्षे ही रेघ नीट कशी आखावी हे शिकण्यात घालवली, आणि ते शिक्षण वाया गेलेले नाही. पर्यावरणशास्त्र नंतर आले आणि त्याने विचारले, की बांधाबाहेर काय गेले? तुमच्या पिढीला दोन्ही कामे एकाच हंगामात करावी लागणार आहेत. हे दोन वेगळे विषय आहेत, एकात उत्पादन वाढवायचे असते आणि दुसऱ्यात निसर्ग वाचवायचा असतो, असा एक समज विद्यार्थ्यांत आढळतो. तो समज दारातच ठेवून आत या.

आधी आतली बाजू पाहू. आर. ए. फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या प्रयोगकेंद्रात रुजू झाले, आणि जमीन मुळातच एकसारखी नसते, मग तिच्यावर घेतलेल्या प्रयोगावर विश्वास कसा ठेवायचा, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले. चिठ्ठ्या टाकणे, पुनरावृत्ती करणे आणि सारख्या जमिनीचे गट पाडणे हे आज आपण डोळे झाकून करतो ते सगळे तिथून आलेले. आपल्याकडे हे शास्त्र पोहोचले ते मुख्यतः दोन मराठी माणसांच्या पुस्तकातून. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ 1954 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढले. देशातल्या कोणत्याही कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याच्या पाठपुठ्ठा निखळलेल्या प्रती सापडतील. विद्यार्थी पुस्तकाचे नाव घेतच नाहीत, ‘पानसे-सुखात्मे’ म्हणतात आणि प्रबंधाच्या संदर्भसूचीत न वाचताही टाकतात.

वाचायला मात्र हवे, आणि त्यामागची गोष्टही माहीत हवी. पानसे इंदूरला कापसावर काम करत होते. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म 1911 चा, लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले. दोघांसमोर 1940 च्या दशकात प्रश्न होता तो देशात धान्य पिकते किती, हा. तोवर उत्तर आणेवारीतून यायचे. पीक रुपयात किती आणे आहे हे गावकामगार नजरेने सांगायचा. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून गाव निवडायचे, गावातले शेत निवडायचे, शेतातला तुकडा निवडायचा, तो कापून मळून तोलायचा, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत त्यांनी बसवली. आज पीकविम्याची भरपाई ज्या आकड्यावर अडते तो आकडा याच वंशातला आहे.

तुकडा केवढा असावा यावर तेव्हा मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. कमी खर्चात जास्त ठिकाणे होतात, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. सुखात्मे यांनी 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की लहान तुकड्यात उत्पादन हटकून जास्त भरते. कारण साधे आहे. एक मीटर चौरसाच्या तुकड्याला एका चौरस मीटरमागे चार मीटर काठ असतो. दहा बाय पाच मीटरच्या तुकड्याला पन्नास चौरस मीटरमागे तीस, म्हणजे चौरस मीटरला साठ सेंटिमीटर. काठावर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न प्रत्येक मीटरला येतो, आणि कापणारा माणूस, कसलाही लबाड हेतू नसताना, ते आतच धरतो. तुकडा जितका लहान तितकी ही चूक मोठी. संशोधनातली बहुतेक चूक काठावर घडते, हे मी यापेक्षा चांगल्या उदाहरणाने सांगू शकणार नाही. म्हणूनच ग्रॉस प्लॉट आणि नेट प्लॉट वेगळे धरतात. काठाच्या ओळी कापणीआधी काढून टाकताना मजूर हसले तरी त्या काढायच्या.

आता बाहेरची बाजू. मराठीत ती पहिल्यांदा मांडली ती कुणा शास्त्रज्ञाने नव्हे. महात्मा फुले यांनी 1883 मध्ये पुरा केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ आपण सामाजिक ग्रंथ म्हणून वाचतो. मृद व जलसंधारणाच्या विद्यार्थ्याने तो त्या नजरेने एकदा वाचावा. डोंगरावरचा पालापाचोळा आणि शेणमूत पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरायचे आणि जमिनीला खत व्हायचे, जंगलखात्याने ते अडवले, असा त्यात युक्तिवाद आहे. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्याला जाईल, अशी सूचनाही आहे. डोंगर, जंगल, शेत आणि ओढा हे सगळे एका हिशेबात धरणारी ही मांडणी आहे. ‘पाणलोट क्षेत्र’ हा शब्द आपल्या अभ्यासक्रमात येण्याच्या कितीतरी आधीची.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून 1907 मध्ये आलेले हॅरॉल्ड मान हे रसायनशास्त्राचे माणूस. त्याआधी आसामात चहावर काम केलेले. दख्खनची जमीन सुधारायची म्हणून ते एका गावात शिरले आणि माती तपासता तपासता सातबारा, कर्ज आणि वाटण्या तपासू लागले. 1917 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 1771 साली सरासरी 40 एकरांची असलेली धारणा 1915 पर्यंत 7 एकरांवर आल्याचे दिसते. नत्र-स्फुरदाच्या कोणत्याही तक्त्याने ते दिसले नसते. ते गाव पिंपळे सौदागर. आज तिथे शोधूनही नांगर सापडणार नाही; सदनिकांच्या दरांची पाटी पावलोपावली सापडेल. शेतजमिनीचा शहराकडे जाणारा हा प्रवास हाही आपल्याच विषयाचा भाग आहे आणि त्यावर कृषी विद्यापीठांतून फारसे प्रबंध होत नाहीत, ही माझी तक्रार इथेच नोंदवून ठेवतो.

मान यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी कोरडवाहू शेतीला आयुष्य दिले. सोलापूरला 1933 मध्ये सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधनात त्यांनी पिकाबरोबर वाहून जाणारे पाणी आणि माती यांच्याकडेही लक्ष दिले. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, पावसाळ्यात कुळवाच्या वारंवार पाळ्या, ओळींतले जास्त अंतर आणि कमी बियाणे ही ‘मुंबई पद्धत’ तिथून रूढ झाली. यातली एकही गोष्ट विकत घ्यावी लागत नाही, हे आजच्या निविष्ठांच्या काळात मुद्दाम लक्षात घेण्यासारखे. त्याच सुमारास इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह 1931 मध्ये शेतातल्या टाकाऊ मालाच्या कंपोस्टवर पुस्तक लिहिले. त्यातल्या वाडांचे नाव पाठ्यपुस्तकांतून गळाले आणि ‘इंदूर पद्धत’ तेवढी उरली.

सोलापूर म्हटले की ज्वारी आलीच. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी 35-1’ हा वाण रब्बीत दशकानुदशके हटला नाही. 1964 मध्ये ‘सीएसएच-1’ हा संकरित वाण आला, खरिपात संकरित ज्वारीने जम बसवला, आणि रब्बीतही तसेच होईल असे वाटत होते. झाले नाही. धान्याच्या क्विंटलांत मोजले तर मालदांडी मागे पडायची. पण शेतकरी धान्याबरोबर कडबाही मोजत होता, भाकरीची चव आणि रंग मोजत होता, आणि ऑक्टोबरनंतर एकही सर आली नाही तरी दाणा भरतो की नाही हे मोजत होता. प्रयोगाच्या तक्त्यात रकाना होता ‘धान्य उत्पादन’. कडब्याचा रकाना असला तरी निष्कर्षात त्याला वजन नव्हते. पुढे ज्वारी पैदासकारांनी हे मनावर घेतले आणि दुहेरी उपयोगाचे वाण काढले, पण मधली वर्षे गेली ती गेली. तेव्हा आपल्या ऑब्झर्वेशन शीटवरचे रकाने पेरणीआधी एखाद्या बाईला दाखवा, जिच्या गोठ्यात दोन जनावरे आहेत. गाईडच्या सहीइतकीच ती तपासणी उपयोगी पडते.

एवढ्यावरून बाहेरची बाजू म्हणजे समाजशास्त्र असे वाटेल. तसे नाही, ती नुसत्या रसायनशास्त्रानेही दिसते. युरियाची एक गोणी घ्या. आता ती 45 किलोची येते आणि युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे गोणीत सुमारे 20.7 किलो नत्र. पीक त्यातले साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे उचलते. उरलेल्याचे काय होते? काही मातीतल्या सेंद्रिय पदार्थांत बांधले जाते. आपल्या चुनखडीयुक्त, विम्ल काळ्या जमिनीत वरवर फोकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन बराच भाग हवेत उडतो. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरते. आणि काळी जमीन भेगाळलेली असताना पहिला जोराचा पाऊस झाला तर ते मातीतून झिरपत नाही, भेगेतून थेट खाली जाते. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते. ज्या कुटुंबाने तो युरिया टाकला तेच बहुधा त्या विहिरीचे पाणी पिते.

आणि थोडासा भाग नायट्रस ऑक्साइड होतो. किती, याचा जगभर वापरला जाणारा ढोबळ अंदाज आहे टाकलेल्या नत्राच्या एक टक्का. आपल्या गोणीपुरते म्हटले तर 0.207 किलो नत्र, म्हणजे सुमारे 0.325 किलो नायट्रस ऑक्साइड. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा धरतात. गुणाकार केला की एका गोणीमागे सुमारे 89 किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम येतो, आणि तोही कारखान्यात गोणी तयार करताना जळालेला वायू न धरता. आता या आकड्यावर शंका घ्या. एक टक्का ही जगाची सरासरी. हा अंदाज 2019 मध्ये सुधारला गेला तेव्हा कोरड्या हवामानासाठी अर्धा टक्काच धरायला सांगितले. मग वर्षातले आठ महिने कोरड्या आणि चार महिने चिखल झालेल्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला कोणता आकडा लावायचा? हे पुस्तकातून ठरणार नाही. पिकाच्या ओळीत बंद पेटी ठेवून, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने हवा काढून, गॅस क्रोमॅटोग्राफवर ती तपासून कुणीतरी ते हंगामभर मोजायला हवे. पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांत तर रात्रीसुद्धा, कारण वायू तेव्हाच उसळतो आणि नेमकी तेव्हा वाट निसरडी असते.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली असेल. शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले नत्र, विहिरीत उतरलेले नत्र आणि हवेत गेलेले नत्र हे एकाच गोणीतले आहे. पिकाने जास्त उचलले तर तिन्हीकडे कमी जाईल. शेतीशास्त्रज्ञ त्याला खतवापर कार्यक्षमता म्हणतो, पर्यावरणशास्त्रज्ञ प्रदूषण नियंत्रण म्हणतो, आणि दोघे वेगवेगळ्या परिषदांना जातात.

कापसाची गोष्ट याहून कटू आहे. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचा बीटी आला. प्लॉटवर त्याने बोंडअळी रोखली यात वाद नव्हता. पण कीड प्रतिकारक होते ती प्लॉटवर नाही, तालुक्यात होते. ते लांबवण्यासाठी 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणे दिले जायचे. कडेला ते पेरायचे, म्हणजे तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती पातळ राहील. चार एकरांच्या शेतकऱ्याने त्या ओळी अळीला खाऊ घालायच्या होत्या. बहुतेकांनी पेरल्या नाहीत, आणि त्यांच्या एका शेतापुरते त्यांचे गणित बरोबरच होते. पाणी असेल तिथे फरदड ठेवली गेली, अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळत राहिले. 2017 मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केले ते सर्वांना आठवते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कीटकनाशकाच्या चाचणीत किडीचे मरण टक्क्यांत असते, उत्पादन असते, खर्च-नफ्याचे गुणोत्तर असते. पाठीवर पंप घेतलेल्या माणसासाठी रकाना नसतो. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या प्लॉटमधल्या डोमकळ्या जरूर मोजाव्यात, पण पंचक्रोशीतल्या कामगंध सापळ्यांची नोंद आणि जिनिंग मिलच्या आवारातले पतंग यांच्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही, हेही लिहावे.

बांध जागेचा असतो तसा काळाचाही असतो, आणि पदव्युत्तर संशोधनाची खरी अडचण तीच. एम.एस्सी.ला चार सत्रे, त्यात शेतावरचे हंगाम एक किंवा दोन. या मुदतीत काय दिसू शकते आणि काय नाही? सेंद्रिय कर्बाचे उदाहरण प्रयोगशाळेतच पाहू. वॉकली आणि ब्लॅक यांची 1934 ची पद्धत अजून आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत चालते. एक ग्रॅम माती, दहा मिलिलिटर डायक्रोमेट, वीस मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल. शंकुपात्र हाताला चटका देईल इतके तापते. अर्धा तास थांबून पाणी आणि फॉस्फरिक आम्ल घालायचे, डायफिनाइलअमाइन टाकायचे आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट सोडत जायचे. गढूळ निळा रंग येतो, आणि मग एका थेंबात चमकदार हिरवा होतो. तो एक थेंब म्हणजे सुमारे 0.05 मिलिलिटर, कर्बाच्या हिशेबात 0.01 टक्का. आता दुसरीकडून या. एका हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 20 लाख किलो माती असते. तुमच्या शेणखताच्या ट्रीटमेंटने वर्षात तब्बल 200 किलो कर्ब वाढवला तरी तो वाढेल 0.01 टक्का. म्हणजे वर्षभराची कमाई आणि हाताचा एक थेंब यांचे माप एकच. त्यात काळी जमीन ओल्यात फुगते आणि वाळल्यावर आक्रसते, त्यामुळे मेमधले 15 सेंटिमीटर आणि सप्टेंबरमधले 15 सेंटिमीटर यांत मातीचे वजनच सारखे नसते. कार्बन क्रेडिटचे करार घेऊन आता गावोगाव माणसे फिरू लागली आहेत. हा गुणाकार त्यांना करून दाखवणारा कुणीतरी प्रत्येक तालुक्यात असावा असे मला फार वाटते.

यावर उपाय म्हणजे दीर्घ मुदतीचे प्रयोग. रोथॅमस्टेडचे ब्रॉडबॉक शेत 1843 पासून चालू आहे. आपल्याकडे दीर्घकालीन खत प्रयोगांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1970 मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात अकोला आणि परभणी ही त्याची केंद्रे, दोन्ही काळ्या जमिनीवर. रोथॅमस्टेडची खरी श्रीमंती शेतात नाही, कोठारात आहे: तीन लाखांहून अधिक नमुने, माती, धान्य आणि पेंढ्याचे, बाटल्यांत आणि डब्यांत ठेवलेले. ते ठेवणाऱ्यांना ज्या प्रदूषकांची नावेही माहीत नव्हती ती पुढच्यांनी त्याच बाटल्यांत मोजली. आपल्याकडे प्रबंध मंजूर झाला की मातीच्या पिशव्या कुठे जातात, हे प्रत्येक विभागाच्या मागच्या अंगणात पाहून घ्यावे. तुमच्या हातात एवढे आहे की तुमचा नमुना टिकावा. पाकिटाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे पेन्सिलने लिहा: गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, आधीचे पीक. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी नमुना घेऊ नका, तो सावलीत वाळवा, लाकडी मोगरीने कुटा.

आता थोडे संसारी. राहुरी 1968, अकोला 1969, परभणी आणि दापोली 1972 अशी आपली चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. प्रवेश राज्याच्या कृषी परिषदेच्या सामाईक परीक्षेतून किंवा केंद्रीय परीक्षेतून होतो, आणि पीएच.डी.ला बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. वसतिगृहात राहणारे निम्मे लोक एमपीएससीचा अभ्यास करत असतात, हे सर्वांना माहीत असते आणि सिनॉप्सिसच्या सेमिनारमध्ये कुणी बोलत नाही. त्यात मला काही गैर वाटत नाही. घरच्या तीन एकरांनी ज्याला शिकवले त्याने नोकरी बघायची नाही तर कुणी बघायची? एवढेच सांगतो, की तालुका कृषी अधिकारी झाल्यावर पंचनाम्याच्या दिवशी तुम्हाला पीक कापणीतला काठ ओळखता आला, तर ती दोन वर्षे परीक्षेतल्या गुणांपेक्षा जास्त कामी आली असे होईल. आणि ज्या बायकांनी तुमचे प्लॉट खुरपले त्यांची नावे ऋणनिर्देशात घाला. कोणत्या प्लॉटमध्ये लव्हाळा आधी आला आणि कुठे पाणी साचते हे त्यांनी तुमच्याआधी पाहिलेले असते.

मोकळे विषय भरपूर पडले आहेत. कोकणात हापूसच्या साक्यावर अनेक दशके काम झाले, आणि बदलत्या उन्हाळ्यात तो प्रश्न नव्याने उभा आहे. सोलापूर-सांगलीकडे डाळिंबाचा तेल्या बागेच्या कुंपणाला जुमानत नाही, त्यामुळे एका बागेवरच्या फवारणीचे प्रयोग कायम अर्धे राहतात. गोव्याच्या खाजन जमिनीत बांध आणि मानशी (पाण्याची दारे) सांभाळणारी गावकरी व्यवस्था मोडत गेली तसे खारे पाणी आत आले. तिथे कोरगुटासारखा खारपड सोसणारा भात आहे, पण बांधाची डागडुजी कुणी करायची हे पैदासशास्त्र सांगू शकत नाही. नीरा आणि प्रवरेच्या कालव्यांखालच्या चोपण जमिनींचा अभ्यास ब्रिटिश काळापासून होतो आहे. उसाला ठिबक आल्यावर तिथल्या क्षारांचे आणि भूजलाचे काय झाले, याच्या मोजण्या गावागावातून हव्या आहेत.

विषय ठरवण्याआधी ‘कृषिकोश’वर आणि आपल्या विभागाच्या कपाटात त्याच मातीवरचे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे प्रबंध शोधा, परिशिष्टातले कच्चे आकडे निष्कर्षांपेक्षा आधी वाचा. सल्लागार समितीत दुसऱ्या विभागाचा एक सदस्य असतोच. तो जागा भरण्यापुरता घेऊ नका. पाणी किंवा हवा मोजणारा, नाहीतर संख्याशास्त्र जाणणारा माणूस घ्या आणि सिनॉप्सिस सादर होण्याआधी अर्धा दिवस त्याला शेतावर न्या. प्लॉट आखून पेरणी झाल्यावर त्याने सुचवलेला पायझोमीटर बसवायला जागा उरत नाही, आणि बजेटही.